कारणाचा रकाना

१ जानेवारी २००४, गुरुवार
कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला गेलो नाही. कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच. पहाटेपासून निळे झेंडे लावलेल्या गाड्या शिरूरवरून कोरेगावकडं चालल्यात, घोषणा घरात ऐकू येतायत, आणि मी भिंतीकडं तोंड करून पडलोय. संगीता पांढरी साडी नेसून बराच वेळ थांबली. शेवटी शेजारणींबरोबर गेली. जाताना म्हणाली, "अहो, झालंय तरी काय तुम्हाला?"
डोंबल झालंय. काय झालंय ते मला कळलं असतं तर मीच नसतो का सांगितलं?
कासुर्डीहून आप्पा परस्पर कोरेगावला आले असणार. गर्दीत मला शोधलं असणार. दरवर्षी आम्ही बापलेक तिथंच भेटतो.

५ जाने., सोम.
फर्स्ट शिफ्ट. तपासणीचं गेज एका हातात, पार्ट दुसऱ्या हातात, आणि तसाच बसून राहिलो. किती वेळ कुणास ठाऊक. ट्रे भरून सांडायला लागला तेव्हा सुपरवायझर ओरडला, "विलास, झोपला का रे?" झोप! झोप लागली असती तर पेढे वाटले असते.
कंपनीच्या डॉक्टरकडं पाठवलं. बीपी नॉर्मल, रक्त नॉर्मल. म्हणाला, दौंडला एका दवाखान्यात दर रविवारी पुण्याच्या मॅडम बसतात, मनाच्या. बोलून बघ.
बोलून? माणूस बोलून बरा होतो?
परमनंट नोकरी, चांगली बायको, शिरूरात दोन खोल्या. सुख बोचतंय मला, दुसरं काय. कुणी तोंडावर म्हणत नाही एवढंच.

१० जाने., शनि.
उद्या जायचं. शिरूरातलं कुणी बघणार नाही म्हणून दौंड बरं. सं.ला वाटतंय सुई देतील, दोन-चार सुया झाल्या की माणूस खडखडीत. मला वाटतंय पलंगाला बांधतील, करंट देतील. पिक्चरमध्ये तेच बघितलंय.
ती दोन्ही डोळे मिटून बुद्धाच्या फोटोपुढं उभी राहिली. मला लाज वाटली.

११ जाने., रवि.
गाडीवर न्हावरा, केडगाव करत दौंड. थंडीनं बोटं वाकडी झाली.
पलंग नाही, करंट नाही. माडीवर एक खोली, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, तांब्या-भांडं. मॅडम माझ्याच वयाच्या असतील. म्हणाल्या, "इथलं बोलणं बाहेर जात नाही. गप्प बसलात तरी चालेल."
गप्प बसलात तरी चालेल म्हणाल्या तिथंच घाम फुटला.
मग ऑडिटला बोलतो तसाच बोललो. विचारलं तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. झोप? ठीक. जेवण? ठीक. बायकोशी? ठीक. साखर किती घालू असं विचारावं तसं सरळ विचारलं, "जगणं नको असं वाटतं का?" म्हणालो, छे, छे.
खोटं. काही करायचं ठरवलेलं नाही, पण सकाळी डोळे उघडले की कशाला उघडले असं होतं. रोज.
चिठ्ठी नाही, गोळी नाही. घरी आल्यावर सं. दंड बघायला लागली. "सुईच नाही दिली? मग डॉक्टर कसली ती?"

१८ जाने., रवि.
आज घाण करून आलो.
मॅडमनी विचारलं, कधीपासून असं वाटतंय, तेव्हा काही घडलं होतं का? म्हणालो, काही नाही. त्या गप्प. मी गप्प. पंखा बंद, खालून रिक्षावाल्यांची भांडणं.
आमच्याकडं लॉट रिजेक्ट झाला की कागदावर कारण लिहावंच लागतं. कारणाचा रकाना रिकामा दिसला की साहेब कागद तोंडावर फेकतो. बारा वर्षं हेच केलंय. कारण सापडलं तर ठीक, नाही तर बनवायचं. 'ऑपरेटरचं दुर्लक्ष.' ऑपरेटर बिचारा कागद वाचायला येत नाही. त्याच्यावर ढकललं की विषय मिटतो.
तोंडातून निघून गेलं, "वडील मारायचे."
मॅडम पुढं सरकल्या. "कशानं?" "पट्ट्यानं."
आप्पांनी उभ्या जन्मात कमरेला पट्टा बांधला नाही! पायजम्याची नाडी, बस्स.
मॅडम हळूच म्हणाल्या, "बरं झालं बोललात. किती वर्षं मनात ठेवलंत." आणि खरं सांगतो, इतकं बरं वाटलं. मला दुःख व्हायचा हक्क आहे अशा नजरेनं कुणीतरी पहिल्यांदा बघितलं. रडलो पण. खोट्यावर खरं रडलो.
मग म्हणाल्या, "तुमची हरकत नसेल तर वडिलांना एकदा आणाल का?" ऑडिटरनं काही सांगितलं की मान हलवायची, ही सवय. "हो मॅडम."

१९ जाने., सोम.
सं.नं विचारलं काय म्हणाल्या. बोलून गेलो, कारण सापडलं. काय सापडलं ते सांगितलं नाही. तिचा चेहरा असा उजळला की पुढं बोलवेना. लगेच चपला घालून पीसीओवर गेली, कासुर्डीत आप्पांच्या शेजाऱ्यांकडं फोन लावला. "आप्पा, कारण सापडलं! मॅडमनी तुम्हाला पण बोलावलंय."
आप्पा म्हणाले म्हणे, "येतो की. कारन घावलं म्हंजी निम्मं काम झालं."

२२ जाने., गुरु.
झोप नाही.
आप्पांच्या पाठीवर माराचा जुना वण आहे. तो गावानं दिलेला, गावच्या विहिरीवर पाणी भरलं म्हणून. म्हणून आपल्या घरात कुणी कुणावर हात उगारायचा नाही हा त्यांचा कायदा. आईवर नाही, माझ्यावर नाही. आठवीत गणितात नापास झालो तेव्हा आळीतली बाकीची पोरं मार खाऊन निजली. मला आप्पांनी यवतच्या बाजारात भेळ खायला घातली. "गणित आवघड आसतंच. म्हनून तर लोक त्याचा पगार देत्यात."
ज्याच्याकडं दुःखाला ढीगभर कारणं होती तो माणूस हसत जगला. मला एक नाही, आणि मी असा. कुणाला सांगायचं हे?

२५ जाने., रवि.
मॅडम पुण्यातच, आज सुट्टी. मी शेजाऱ्यांकडं फोन करून आप्पांना म्हटलं, तुम्ही नका येऊ, थंडी फार आहे. "थंडी काय मला खाती व्हय? म्या येनार." त्यांनी फोन ठेवला.
खरं तेव्हाच सांगायचं होतं. जीभ रेटली नाही.

१ फेब्रुवारी, रवि.
आप्पा यवतहून पॅसेंजरनं आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, हातात पेरूंची पिशवी. रिकाम्या हातानं डॉक्टरकडं जायचं नाही म्हणून. खुर्चीच्या कडेवर बसले. "जयभीम, मॅडम."
मॅडमनी आडून आडून विचारलं. विलास लहानपणी कसा होता, घरात वातावरण कसं होतं, पूर्वी मुलांना मार बसायचाच, तुमच्याकडं?
आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं.
त्यांना कळलं. सापडलेलं कारण काय आहे ते त्यांना तिथं, त्या खुर्चीत कळलं.
"व्हय," म्हणाले. "मारलंय जी. लई मारलंय."
"कशानं मारायचात?"
आप्पा अडखळले. "हातानं. कवा कवा काठीनं."
मॅडमचं पेन थांबलं. पट्टा कुठं गेला, हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं. माझ्याकडं बघत राहिल्या. तोंड उघडायची तीच वेळ होती. नाही उघडलं.
मग आप्पा उठले आणि माझ्यापुढं हात जोडले. "चुकलं माझं, इलास. आता मनातून काढून टाक." सत्तरीचा माणूस. न केलेल्या गुन्ह्याची माफी मागतोय, आणि मी बसून ऐकतोय. माझ्या जिभेला कीड का पडली नाही?
स्टेशनवर गाडीला उशीर होता. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "आता बरं वाटतंय का?"
"व्हय," म्हणालो.
खूश होऊन गाडीत चढले.

४ फेब्रु., बुध.
मॅडमपुढं काय कबूल केलं हे सं.ला आप्पांनीच फोनवर सांगितलं. आता ती आप्पांवर चिडली आहे. "मला तर देवमाणूस वाटायचे. लहान पोराला काठीनं?" मी म्हणालो, सोड. एवढंच म्हणालो. ताटातली भाकरी तशीच ठेवून उठलो.
कामावर पण काही सुधरत नाही. उलट आता अंगावर दोन वजनं.

७ फेब्रु., शनि.
काल पौर्णिमा. कासुर्डीच्या विहारात पौर्णिमेची वंदना आप्पाच सांगतात, मी लहान असल्यापासून. त्यांच्या शेजाऱ्यांनी आमच्या पीसीओवर फोन करून कळवलं, काल आप्पांनी वंदना सांगितली नाही. मागं दाराशी बसले. लोकांनी पुढं बोलावलं तर म्हणाले, "दुसऱ्या कुनाला सांगा. माझ्या हातून पोराचं वाटोळं झालंय, मी कुठल्या तोंडानं पंचशील सांगू?"
सगळ्या आळीला सांगत सुटलेत. पोरगं आजारी का पडलं विचारलं की म्हणतात, माझ्यामुळं.
मला मरण का येत नाही, असं आज पूर्ण वाक्यात मनात आलं. लिहून ठेवतो. उद्या मॅडमना सांगायचं, नाही तर हे कुणालाच सांगणार नाही मी.

८ फेब्रु., रवि.
एकटा गेलो. बसल्या बसल्या सांगून टाकलं. आप्पांनी बोट लावलं नाही मला कधी. मला काहीच झालेलं नाही मॅडम, कसलंच कारण नाही. आणि हो, जगणं नको वाटतं. पहिल्या दिवशी खोटं बोललो.
ओरडतील वाटलं. म्हणाल्या, "काठी म्हणाले तेव्हाच शंका आली होती. मी वडिलांसमोर तो विषय काढायला नको होता, ते माझं चुकलं." मग म्हणाल्या, कधी कधी कारण सापडत नाही, तरी दुखणं खरंच असतं. काही करायचं ठरवलंय का, ते खोदून खोदून विचारलं. आज घरी गेल्यावर संगीताला हे सांगायचं, एकटं राहायचं नाही, गोळ्यांसाठी मोठ्या डॉक्टरकडं चिठ्ठी. हो म्हणालो. यावेळी सवयीनं नाही.
पण बरं वाटलं म्हणू तर तेही नाही. कारण नसलेलं दुखणं. लॉट तसाच पडलेला, रकाना तसाच रिकामा.
येताना केडगाववरून गाडी सरळ कासुर्डीला घातली. आई गेल्यापासून आप्पा एकटेच. ओट्यावर बसून तूर पाखडत होते. गाडीवरून उतरलो तसा म्हणालो, "आप्पा, तुम्ही मला कधीच मारलं नाही. मी खोटं बोललो मॅडमना."
"म्हाईत हाय मला," म्हणाले. सूप थांबलं नाही.
"मग लोकांना कशाला सांगत सुटलाय? आज चला माझ्याबरोबर, आळीत सगळ्यांना खरं सांगू."
"मंग तुला काय झालंय म्हनून सांगायचं?"
त्यांनी सूप खाली ठेवलं, हात झटकले.
"आसू दे इलास. लोक येडा म्हनतील तुला. दुसरं काय घावस्तवर ह्येच ऱ्हाऊ दे."
"दुसरं नाहीच आहे, आप्पा."
ऐकलं की नाही कळलं नाही. आत गेले, स्टो पेटवायला लागले. मी ओट्यावरच वही काढून हे लिहितोय. संगीताला शिरूरच्या पीसीओवर बोलावून जगणं नको वाटतं हे सांगायचं आहे, ते अजून सांगितलेलं नाही. फोनवाल्या शेजाऱ्यांचं दार उघडं दिसतंय.