चहात बुडवलेलं बोट

बार्न्सली, गुरुवार

हट्टी बाबा,

चाळीस वर्षं सशांच्या शिकारीसाठी बिळांत फेरेट, ती मुंगसासारखी पाळीव जनावरं, सोडलीत, म्हणून तुम्हाला जनावरांच्या डॉक्टरणीपेक्षा जास्त कळतं, असं होत नाही! तिने बजावलं होतं, "रक्त तपासायच्या आधी चार तास तुमच्या फेरेटच्या, पिकलच्या, पोटात काही जाता कामा नये." आणि तुम्ही? तिच्याच दवाखान्यातल्या बाकावर थर्मास उघडलात, गोड चहात बोट बुडवलंत आणि त्याला चाटवलंत. वर म्हणे, "अगं, थेंबभर चहाने काय होतंय? उपाशी जीव तो!"

झालं ते हे. साखर ठीक निघाली. "वय झालंय, म्हणून सुस्त असेल," असं डॉक्टरीण म्हणाली आणि आपण हसत घरी आलो. दहा आठवडे गेले. काल पिकल कोसळला, मागचे पाय लुळे, तोंडाला लाळ. हिरड्यांना मध चोळला तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले. आज खरोखर उपाशी ठेवून तपासलं. साखर पार खाली गेलेली; स्वादुपिंडात कॅन्सरच्या गाठी आहेत, त्याच ती खाली ओढतात आणि त्या दिवशी तुमच्या गोड चहाने ते झाकलं. ऑपरेशन आता त्याला झेपणार नाही. दिवसातून दोन वेळा गोळ्या, दर चार तासांनी मांस द्यायचं; गोड मात्र कायमचं बंद.

हे सगळं फोनवर ओरडून सांगणार होते. पण त्या दिवशी सुई टोचण्याआधी डॉक्टरणीने विचारलं होतं, "उपाशी आहे ना?" तुम्ही खिडकीबाहेर बघत बोट पुसत होतात. "हो," म्हणाले ती मी. मला साखरेचा आकडा चांगला यायला हवा होता, बाबा.

पत्र खणातच ठेवणारी,
लिनेट