दिव्याचं शेत

प्रिय अंजू,

परवा तू फोनवर बाबांशी बोलत होतीस तेव्हा मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होते. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो, आणि त्यामुळं या घरात कुणाचं काही खासगी राहिलेलं नाही. म्हणून हे पत्र. बाबांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायला प्रकाशक तयार झाले, तू त्यावर दोन वर्षं खपलीस, आता फक्त बाबांची सही हवी आणि ती घ्यायला तू दिवाळीच्या आधी धाराशिवला येणार. किती आनंदात होतीस. मग तू विचारलंस, पाचव्या प्रकरणाचं नाव काढलं की बाबा गप्प का होतात. ते उत्तर न देता तुझ्या कॉलेजची चौकशी करत बसले. उत्तर मी देते.

सोलापूरच्या कॉन्व्हेंटात आम्हांला दर रविवारी घरी पत्र लिहायला बसवायचे. सिस्टर ते आधी वाचायच्या, म्हणून खरं असं आम्ही काही लिहायचोच नाही. मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे, एवढंच. ती सवय मला जन्मभर पुरली. आज जमेल तेवढं नीट लिहिते.

तुला घरातली ती वाटणी आठवत असेल. खाली वकिली, माडीवर इतिहास. अशिलांच्या फायली वर न्यायच्या नाहीत, मोडी कागदांची बासनं खाली आणायची नाहीत. जिना चढण्यापूर्वी ते काळा कोट काढून खुंटीला लावायचे. बाररूममध्ये त्यांची थट्टा चालायची, "अमरनाथराव, तुमची पुढची तारीख कुठल्या शतकातली?" ते हसायचे, त्यांना ते आवडायचं. तू लहान असताना आम्ही तुला आजीकडं ठेवून रविवारी एसटीनं निघायचो. कधी परंडा, कधी तुळजापूरच्या पुढं. ते मोडी वाचून सांगायचे आणि मी उतरवून घ्यायची. माझं मराठी अक्षर इंग्रजीसारखं गोल, त्यावरून चिडवायचे, पण लिहायला मीच लागायची. आमच्या संसारातले सगळ्यांत चांगले दिवस ते.

जळकोटच्या अलीकडं एक मठ आहे. तिथल्या अय्यांनी, म्हणजे मठाच्या स्वामींनी, एकदा एक जुना कागद दाखवला. उन्हाळ्याचा वारा सुटला होता, म्हणून मी तो दोन्ही तळहातांनी ओट्यावर दाबून धरला आणि बाबांनी वाचला. मठातला दिवा तेवत राहावा म्हणून एक शेत मठाला दिलेलं होतं. जे कूळ ते कसेल त्यानं दिव्याचं तेल पुरवायचं, शेत मात्र मठाचं. लोक त्याला दिव्याचं शेत म्हणायचे. पाचव्या प्रकरणातलं ते पान म्हणजे हाच कागद. पुढं मठातलं ते सगळं बासन वाळवीनं खाल्लं आणि तो मजकूर फक्त बाबांच्या पुस्तकात उरला.

तू पुण्याला एम.ए. करत होतीस तेव्हा दगडाबाई नावाची एक विधवा बाई आपल्याकडं आली. मठाच्या विश्वस्तांनी तिच्या शेतावर दावा लावला होता. बाबांनी वकीलपत्र घेतलं. फायलीत शेताचा गट नंबर होता, चतुःसीमा होत्या, जुनं नाव कुठंच नव्हतं. खालच्या खोलीतलं शेत आणि माडीवरचं शेत एकच आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या कुणा वकिलाची अशी चूक झालीच नसती, कारण दुसऱ्या कुणाकडं माडीच नव्हती. ध्यानात आलं ते समोरचा वकील त्यांचंच पुस्तक हातात घेऊन उभा राहिला आणि ते पान मोठ्यानं वाचू लागला तेव्हा. वाचून झाल्यावर न्यायाधीशांनी बाबांना विचारलं, हे तुम्हीच लिहिलंय ना?

दगडाबाई मागच्या बाकावर बसली होती. बाबांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि ते म्हणाले, लिहिलं मीच, पण तो कागद मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. ऐकीव माहितीवर लिहिलं, माझी चूक झाली.

मठाकडं दुसरा पुरावा नव्हता. दावा फेटाळला गेला. निकालाच्या दिवशी दगडाबाई बाबांच्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "सायेब, त्या दिव्याचं तेल माज्या सासूच्या हातानं जायचं. मला ठावं व्हतं समदं. पर म्या कुठं जाणार व्हते?" हे त्यांनी मला जेवताना सांगितलं, दुसऱ्याच कुणा वकिलाची हकिगत सांगावी तसं. वर म्हणाले, बाई खरं बोलली, कोर्टाबाहेर का होईना.

डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, हे तू त्यांच्याकडूनच शिकलीस. तू तुझ्या विद्यार्थ्यांना तेच सांगतेस, तेव्हा मी दुसरीकडं बघते. बाररूममधली थट्टाही बदलली. "ऐकीव इतिहासकार आले बरं का," म्हणायला लागले. तेव्हापासून ते माडीवर गेलेले नाहीत. दुसरा खंड अर्धा लिहून तसाच पडला आहे. झाडलोट मी करते. सकाळी लिंगपूजा झाली की कोट घालून ते अजून कोर्टात जातात. कामं नाहीत, नुसते बसून येतात.

निदान त्या बाईचं शेत राहिलं, असं मी मनाशी म्हणायची. महामार्ग रुंद झाला आणि तिच्या मुलानं, धनाजीनं, ते प्लॉट पाडणाऱ्यांना विकून टाकलं. दगडाबाई सांगायला आली होती. पायरीवर बसून म्हणाली, "लेक इचारायला बी न्हाय आला, सायेब. कागद पुढं केला, अंगठा दे म्हणला." बाबांनी तिला चहा दिला. आता तिथं घरं उभी आहेत, लोकांनी कर्जं काढून बांधलेली.

तुझा फोन झाल्यावर संध्याकाळी बाबा अगदी शांतपणे मला म्हणाले, ते पान काढून टाकू, अंजूचं काम अडायला नको. अंजू, त्या शांतपणाची मला भीती वाटली. ते पान ठेवलं, तर कोर्टात आपण खोटं बोललो हे त्यांनी स्वतःच्या सहीनं छापल्यासारखं होईल, आणि त्या घरांवर पुन्हा दावे लागतील. काढलं, तर तेच खोटं ते दुसऱ्यांदा बोलतील, आणि या वेळी त्याच्याखाली तुझंही नाव असेल. पहिल्या वेळी एका बाईसाठी बोलले, आता तुझ्यासाठी बोलतील. तू समोर कागद ठेवलास की ते सही करणार, मला ठाऊक आहे. म्हणून तू तो आणू नकोस. प्रकाशकांनी माघार घेतली असं त्यांना सांग. तुझी दोन वर्षं वाया जातील, आणि हे पुस्तक आता पुन्हा कधी निघणार नाही, तेही मला कळतं. त्यांच्या मुलीला खोटं बोलायला मी सांगते आहे, हेही कळतं. दुसरा मार्ग मला सापडला नाही. दिवाळीला तू नुसती ये. ते काही विचारणार नाहीत, वाद घालणार नाहीत. त्यांना सुटल्यासारखं वाटेल. ते तुला त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल, तेव्हा तेवढं मात्र न दिसल्यासारखं कर.

तुझीच,
आई