बियरचा पाव आणि खिडक्या

रविवार, संध्याकाळ

आज बियर घालून गोड पाव केला. मैदा, गूळ, बेकिंग पावडर आणि वरून बियर; मळायचं नाही, आंबवायचं नाही. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली होती, वास उडून जातो. नाही जात. ओव्हन तापला तसा तो घरभर झाला.

आई हॉलमध्ये मेथी निवडत होती. उठली आणि रस्त्याकडची खिडकी लावली. मग बेडरूमची. बाबा सातपूरच्या कंपनीतून पिऊन यायचे तेव्हा ती हेच करायची, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

"आई, अगं पाव आहे," मी म्हटलं.

"माहितीये."

मी तरी का करायला गेले? या घरात बियर नुसती बियर असू शकते का, ते बघायचं होतं बहुतेक.

आईने तुकडा खाल्ला. "गोड झालाय," म्हणाली. तेवढ्यात खाली कुणीतरी बाइक लावली आणि आम्ही दोघी चावायच्या थांबलो. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली.

आत्ता भांडी ठेवायला गेले, तर स्वयंपाकघरातली खिडकीही बंद. कडी घट्ट लावलेली. आई तर तिकडे फिरकलीच नव्हती. म्हणजे ती मीच लावली असणार, ओव्हन तापताना.