बाबांची डाव्या हाताची रायफल

दादा,
तू झोपलायस, उठवत नाही. बंदुकीच्या दुकानात जातेय. आपल्या तिघांचे परवाने आले तेव्हा बाबांनी तिघांत मिळून एकच रायफल दुकानात नोंदवली, तीही त्यांच्या डाव्या हाताची. "तुम्ही शिकाल रे, माझी खोड आता जायची नाही!" आता घरात डावखुरं कोणी उरलं नाही. दुकानदार उजव्या हाताची बदलून देतो म्हणतो, पण आजच सांगायला हवं. तुझ्यापाशी दोनदा विषय काढला, तू उठून गेलास. काल छत्री डाव्या खांद्याला लावून पाहिली. मान अगदी बाबांसारखी कलली, नेम काही लागेना. म्हणून बदलायला निघालेय. नको असेल तर फोन कर. मी पायी जातेय, लांबच्या रस्त्याने.