खासदारांना सांगितलेली कासारीण

आई, मी इथे सिंगापूरला नोकरी धरली तेव्हा तू फोनवर एकच वाक्य बोलली होतीस, "म्हणजे त्यांच्याकडे लागलीस." 'त्यांच्याकडे' म्हणजे परदेशी मदतवाल्यांकडे. तुझ्या आवाजात राग नव्हता, पण दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला आपण वरपासून खालपर्यंत पाहतो, तशी तू त्या शब्दापाशी जरा थांबलीस. मी काम काय करते ते सांगायचं राहूनच गेलं, कारण पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. तर आता सांगते. हार्बरफ्रंटला आमचं ऑफिस आहे, खाली फेरी टर्मिनल. आजूबाजूच्या देशांतल्या लहान लहान बेटांवर आमच्या संस्थेचे क्षयाचे दवाखाने आहेत. तिथली प्रत्येक सिस्टर दर आठवड्याला कळवते की कपाटात कुठलं औषध किती उरलं आहे, आणि ते माझ्या स्क्रीनवर उमटतं. कुठल्या बेटावरची औषधं कधी संपणार, ते मला तिथल्या पेशंटच्या आधी कळतं. तू तुझ्या दवाखान्यात पाठीला बाक काढून वहीत जे लिहायचीस, तेच काम, फक्त वही माझ्यासमोर काचेत असते.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या सुमाराला मेट्रोची डाउनटाउन लाइन नुकतीच आमच्या बुकित पंजांगपर्यंत आली होती आणि माझा ऑफिसचा प्रवास सोपा झाला होता. त्याच दिवसांत बातमी आली की ज्या देशाच्या सरकारी मदतीवर आमचे दवाखाने चालतात, तिथली संसद परदेशी मदतीला कात्री लावणार. ऑफिसात सगळे हळू आवाजात बोलू लागले. एका सकाळी प्रसिद्धीचं काम बघणारी आमची सहकारी, इथलीच चिनी बाई, दोन कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, घेऊन माझ्या टेबलाशी आली. तिने आजवर मला कधी कोपी आणून दिली नव्हती. म्हणाली, "तुझी आई क्षयाच्या दवाखान्यात नर्स होती ना? तोही परदेशी मदतीवर चालायचा ना? एक पान लिहून दे. आम्ही तिकडच्या खासदारांना पत्रं पाठवतोय. त्यातले तिघं तर इथेच येणार आहेत. वन पेज ओन्ली, लाह."

कोपी गोड होती आणि मला ती जाईना. हिला माझी आई कोण होती ते कुणी सांगितलं? मी ते फक्त मुलाखतीत बोलले होते, म्हणजे माझी फाइल हिने पाहिली. माझा इथे नोकरी करायचा सरकारी पास तीन महिन्यांनी रिन्यू व्हायचा होता. नाही म्हटलं तर कुठे कळवतील, आणि हो म्हटलं तर तुझं काय करतील? मी "बघते" म्हणाले. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तुझ्यासारखीच भुवई वर करून बसले आहे.

तुझा संशय मी कुठून घेतला ते मला नेमकं ठाऊक आहे. मी चौथीत होते. दवाखान्यात परदेशी पाहुणे आले होते, त्यांच्यातली एक बाई फोटो काढत होती. रांगेत मुलं कमी होती म्हणून तिच्याबरोबरच्या माणसाने मला खुणेने बोलावलं. मी जाऊन उभी राहिले, सांगितल्यावर तोंडासमोर रुमालही धरला. त्याबद्दल मला रंगीत पेन्सिलींची पेटी मिळाली. तू इंजेक्शनची सुई उकळत होतीस. पेटी पाहून तू गॅस बंद केलास आणि सगळ्यांसमोर विचारलंस, "तू आजारी आहेस का? मग त्या रांगेत कशाला उभी राहिलीस?" पेटी मीच परत नेऊन द्यावी असं तू सांगितलंस, आणि मी ती देईपर्यंत दारात उभी राहिलीस. घरी येताना म्हणालीस, "त्यांना तिथे जाऊन काहीतरी दाखवायचं असतं. आपण दाखवायला मिळता कामा नये."

आणि मग ते पत्र. तेव्हा मी नववीत होते. मदत बंद होणार असं डॉक्टरांना कळलं होतं. ते आपल्या घरी आले, ओट्याशी उभे राहूनच बोलले. "सिस्टर, तिकडच्या लोकप्रतिनिधींना पत्रं जाणार आहेत, मदत थांबवू नका म्हणून. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील. तुम्ही मराठीत चार ओळी लिहा, मी इंग्रजी करतो." तू कणीक मळत होतीस. "माझ्या नावावर ते काय छापतील, ते तुम्हाला तरी माहिती आहे का?" डॉक्टर खरं बोलणारे होते, नाही म्हणाले. "मग मी लिहीत नाही," तू म्हणालीस. चार-पाच महिन्यांत औषधांची खोकी यायची बंद झाली. तुझ्या चार ओळींनी ते थांबलं असतं असं मला वाटत नाही. पण तेव्हा ती कासारीण निम्म्या उपचारावर होती. आपल्या आळीत बांगड्या भरायला यायची, तिच्या हातावरच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या आणि हळूहळू पुन्हा मनगटाशी थांबायला लागल्या होत्या. औषध संपल्यावर तू तिला जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी दिलीस. ती पुन्हा आपल्याकडे आली नाही. कितीतरी वर्षांनी, माझं लग्न झाल्यावर, मेथी निवडता निवडता तू एकदम म्हणालीस, "लिहिलं असतं तर?" मी काय ते विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. आपण मेथी निवडत राहिलो.

म्हणून मी लिहिलं. एक पान, साधं. तुझ्या कामाचे तास, वही, खोकी, तुझं नाही म्हणणं, सगळं. आठवड्याने मसुदा छापून माझ्या हातात आला, त्यात तू अनवाणी होतीस. 'अनवाणी चालत गावोगाव जाणारी नर्स.' दर रविवारी पांढऱ्या बुटांना खडू लावून उन्हात ठेवणारी तू! आणि तुझं नाही म्हणणं पूर्ण गाळलेलं. मी तो कागद घेऊन जेवणाच्या सुट्टीत खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, तिला गाठलं. ती नूडल्स खात होती. मी म्हटलं, माझ्या आईला बूट होते. ती म्हणाली, "मी नाही बदललं. मुख्य ऑफिसने बदललं. आय फॉट ऑलरेडी, भांडले मी त्यांच्याशी." मी कागद तिच्यासमोर तसाच धरून ठेवला, तशी तिने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "यू डोन्ट बिलीव्ह मी, अह?" नव्हताच माझा विश्वास. दुसऱ्या दिवशी ती मीटिंगला गेलेली असताना मी तिच्या टेबलाशी गेले. लॅपटॉप उघडा होता. मी तिच्या मेल वाचल्या, आई. मुख्य ऑफिसला तिने एकापाठोपाठ तीन मेल लिहिल्या होत्या. शेवटच्या मेलमध्ये एवढंच होतं: तिच्या आईला बूट होते, ते परत घाला. नाहीतर हे पान माझ्या हातून जाणार नाही.

ते पान गेलंच नाही. त्याऐवजी तिने हट्ट धरून मला त्या तीन खासदारांसमोर बोलायला दहा मिनिटं मिळवून दिली. दोन पुरुष, एक बाई. बाई मान डोलावत होत्या, एक जण घड्याळ बघत होता. तिसरा, वयस्कर, जाड भिंगांचा, माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला, "या बेटावर चार आठवड्यांचं औषध आहे असं इथे दिसतं. ते खरंच कपाटात आहे हे तुम्हाला कसं कळतं?" मी म्हटलं, तिथली सिस्टर कळवते. "ती खोटं कळवत नाही हे कशावरून?" सगळे अस्वस्थ झाले. मला मात्र तो माणूस एकदम ओळखीचा वाटला. तू असतीस तर हेच विचारलं असतंस. मी म्हटलं, "आम्ही अधूनमधून जाऊन मोजतो. बाकीचे दिवस विश्वासावर जातात. तुम्ही संशय घ्या, घ्यायलाच हवा. पण संशय घेणाऱ्या माणसाने तिथे जाऊन बघावं. औषध बंद करून काही तपासलं जात नाही." मग मी तुझं सांगितलं. बूट, वही, डॉक्टर, कणीक, तू पत्र नाकारलंस ते. आणि कासारीण. त्या म्हाताऱ्याने विचारलं, "मग त्या बाईचं काय झालं?"

मी म्हटलं, ती गेली.

आई, ती गेली हे मला कुठे माहीत होतं? जिल्ह्याला गेली असेल, बरी झाली असेल, माहेरी राहायला गेली असेल. तिचं काय झालं ते तुलाही शेवटपर्यंत कळलं नाही. पण तो माणूस माझ्याकडे बघत होता, स्क्रीनवर त्या बेटांची नावं होती, आणि 'माहीत नाही' म्हटलं असतं तर त्याने मान खाली घालून पुढचा कागद उलटला असता, असं मला वाटलं. त्या बाईंनी डोळे पुसले. म्हाताऱ्याने चष्मा काढला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी पुन्हा त्या रांगेत रुमाल धरून उभी राहिले होते, आणि या वेळी मला कुणी बोलावलंही नव्हतं.

पुढे मदतीत कपात झालीच, पण ठरली होती तेवढी नाही. बरेचसे दवाखाने राहिले, दोन बेटं माझ्या स्क्रीनवरून गेली. त्या म्हाताऱ्याने संसदेत आमच्या बाजूने बोलताना एका नर्सचा उल्लेख केला, असं त्या सहकारिणीने मला धावत येऊन सांगितलं. तिने विचारलं, "त्या बांगडीवालीचं खरं ना? मी कुठे वापरलं तर चालेल?" मी खरं आहे म्हणाले. तिने दुसरा प्रश्न विचारला नाही, लगेच विश्वास ठेवला. तिच्या मेल मी वाचल्या हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

घरी लेकीलाही मी सगळं सांगितलं होतं, तसंच, खासदारांना सांगितलं तसं. तिने शाळेत आजीवर निबंध लिहिला. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. "एव्हरीवन सो सॅड व्हेन—" अशी सुरुवात करून ती थांबली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजी वॉज सो ब्रेव्ह, लाह." मी तिच्या पानात भात वाढला. दुरुस्त करायची ती वेळ होती, ती गेली. तुला तरी खरं सांगावं असं तेव्हापासून मनात होतं. तू रागावली असतीस, की मेथीच्या वेळेसारखी गप्प बसली असतीस, ते मला ठरवता येत नाही.

आज रविवार आहे, दुपार आहे, आणि हे पान मी खणात ठेवून देणार आहे. मघाशी लेक मागे येऊन उभी राहिली. "काय लिहितेस?" "आजीला पत्र." "कॅन आय रीड?" तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, दोन अक्षरं जुळवून पाहिली आणि "टू हार्ड, लाह" म्हणत फ्रीज उघडायला गेली. तिला मराठी वाचता येत नाही याची खंत मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते. आज मला हायसं वाटलं.