वेलीखालची ओळ

सिडनी, मार्च १९०१

प्रिय कॉन,

तुझं पत्र मिळालं. सरकार थडगी हलवतंय तर हलवू दे, आपण हक्क सांगायला जायचं नाही, असं तू लिहिलंस. पण ते हाती पडायच्या दोन दिवस आधीच मी जाऊन आले होते. आता रागव खुशाल, धाकटाच आहेस.

नवं मोठं स्टेशन आपल्या डेव्हनशायर स्ट्रीटच्या दफनभूमीवरच उभं राहणार. कचेरीपुढे ही भली मोठी रांग! माझ्या मागे बेकरीवाली मिसेस पॅजेट. मला म्हणते कशी, "अगोबाई नोरा, तुझी आई इथं आहे? कधी बोलली नाहीस ती!" मी म्हटलं, "तू कधी विचारलंस? पावाच्या भावापलीकडे तुझी मजल जातेय कुठं!" तेवढ्यात कारकुनाने नाव विचारलं. साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं मी सांगितलं, "जोहाना हेनेबरी. एलिझा ग्रेस जहाजानं आली, अठराशे सदतीस साली." जहाज आणि साल सांगितलं की माणूस कैदी म्हणून बेड्यांतून आला की तिकीट काढून, हे या शहरात शेंबडं पोरही ओळखतं. पण खरं सांगते कॉन, माझी मान खाली गेली नाही. उलट ऊर भरून आला. आणि माझ्यानंतर आणखी तिघांनी आपापली जहाजं मोठ्याने सांगितली.

तुला पहिली आगगाडी आठवते? पत्र्याची शेड, तेच आपलं स्टेशन. तू सात वर्षांचा, आईच्या खांद्यावर. इंजिनाने शिट्टी फुंकली तशी तू तिच्या झिंज्या धरल्यास. "भितोस काय रे मेल्या," ती ओरडली, "तुझ्या बापानं घडवलेल्या दगडांवरून चाललीय ती!" रोज दुपारी बाबांना आणि त्यांच्या सोबतच्या गवंड्यांना ती चहा पोचवायची. पुढे बाबांनी प्रेतं नेणाऱ्या आगगाडीच्या स्टेशनाच्या खांबांवर पानंफुलं कोरली, ते बघायला ती राहिली नव्हती. तिच्या दगडावरची अक्षरं मात्र त्यांचीच, आणि जहाजाचं नाव मुद्दाम ठसठशीत. म्हणायचे, "सतरा वर्षांची पोर, चोरलेल्या फ्लॅनेलच्या तुकड्यापायी जगाच्या टोकाला फेकली, तरी ताठ उभी राहिली. यात लपवायचं काय?"

दगड काढला तेव्हा मी तिथेच होते. तू बँकेत लागलास त्या वर्षी लावलेली वेल केवढी माजली होती! तेहतीस-चौतीस वर्षं मी तिला पाणी घातलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आमच्या कॉनने लावलीय, आईवर भारी माया त्याची. मजुराने ती ओढून काढली. आईचं नाव पहिल्यापासून मोकळंच होतं. वेल फक्त जहाजाच्या ओळीवरून नेलेली होती, दोन्ही कडांना तांब्याचे खिळे मारून. ते खिळे मी धुऊन ठेवलेत.

संताप आला. पाणी घालणारी मीच, म्हणून हसूही आलं. मग वाटलं, एकोणीस वर्षांचं पोर, बँकेतल्या मोठ्या घरच्या मुलांत बसायचं होतं त्याला. आज तू बाथर्स्टचा महापौर आहेस आणि ते मी अख्ख्या गल्लीला सांगत असते. पण तुझ्याआधी तिचा अभिमान वाटतो मला, आणि तो तुलाही वाटावा म्हणून जीव तुटतो.

शनिवारी तिची पेटी आणि दगड वाफेच्या ट्रामने बॉटनी गावाकडच्या नव्या दफनभूमीत जातील. मी सोबत असेन. ती ओळ पुन्हा खोल कोरून घेतलीय. खाली 'मुलगी नोरा' झालंय, शेजारी एका नावाची जागा सोडलीय. कारागीर शुक्रवार दुपारपर्यंत थांबेल. मला न विचारता तू झाकलंस, पण तुला न विचारता मी कोरणार नाही. तारेत नुसतं 'हो' लिही. तार आली नाही, तर ती जागा तशीच उघडी राहील. तिथे मी वेल लावणार नाही.

तुझीच,
नोरा