पुढचं घर, मागचं घर

चि. धाकट्या जाऊबाईस,
थोरलीचे आशीर्वाद.

भरपाई हाती येईपर्यंत एक खोली द्या, हा तुझा निरोप काल भावजींनी दिला. बिचारे उंबऱ्यातच उभे होते. मी त्यांना पाणी दिलं, उत्तर दिलं नाही.

वाटणीच्या वेळी बाजारातलं पुढचं घर तू हट्टाने घेतलंस आणि नाल्यामागचं माझ्या गळ्यात मारलंस. "वहिनी, तुम्ही देवभोळ्या, तुम्हाला एकांतच बरा. तिकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही," असं म्हणाली होतीस. सगळे हसले. आमचे हेसुद्धा हसले.

मग शहर वाढलं. रस्ता रुंद झाला, त्यात तुझं घर गेलं. नाला बुजवला आणि माझं घर हमरस्त्यावर आलं. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात, पण तुझ्या वेळी तो सगळ्या गल्लीने ऐकला.

पुढच्या दोन खोल्या औषधवाल्याला भाड्याने दिल्या. मागची रिकामी होती, तुला ठाऊकच आहे. आज सकाळी मी तिथे देव मांडले. पाचही देवांना आता ऐसपैस बसता येतं.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तिकिटाचा खर्च कशाला? उद्या तू पोरांना घेऊन स्वतःच येणार आहेस. दारात आलीस की एवढंच विचारीन, "अगं, इकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही ना? मग तू कशी आलीस?"

तुझ्यासाठी रोज देवापुढे हात जोडणारी,
थोरली जाऊ